केसभर फट

६ फेब्रुवारी

भावजी,

उत्तराला उशीर झाला. त्याचं खापर तुम्ही नेहमीप्रमाणे तुमच्या दादावर फोडाल, पण ह्या खेपेला दोष इंजिनाचा आहे. खाडीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा तुम्हाला आठवत असेल. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक बोटीला त्या फुटत्या लाटांतूनच जावं लागतं. गेल्या आठवड्यात आमची बचाव-बोट ऐन दांड्यावर बंद पडली. पिस्टन तडकला होता. भरतीचं पाणी आत ढकलत होतं म्हणून बोट आपसूक किनाऱ्याला लागली. ओहोटी असती तर आडवी होऊन उलटली असती, असं बंदरावरचे सगळे मला मुद्दाम थांबवून सांगतात.

सुकाणूवर आपला बोका होता, तुमचा लाडका पुतण्या. घरी येऊन त्याने पोटभर जेवण केलं, दोनदा मागून घेतलं, आणि घोरत पडला. माझा मात्र तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. नोकरी सोड म्हटलं तर हसतो. बुडणाऱ्याला काय सांगू, आई नको म्हणते म्हणून?

तेव्हा ह्यांनी ठरवलंय की इंजिनाच्या आतलं सगळं नवं घालायचं, आणि ओतीव काही नको. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक, सगळं घडीव. बंदरालाही आता जास्त वेगाची बोट हवी आहे. तुमच्या फोर्जिंगच्या कारखान्यात दोन धातूंचे पिस्टन होतात म्हणे. त्यातले कोणते घ्यायचे ते तुम्ही सांगा, आणि तुमच्या हाताखालून तपासून पाठवा. बाहेरच्या कुणावर ह्यांचा विश्वास नाही. माझा तर तुमच्यावरसुद्धा बेताचाच आहे, पण दुसरा दीर नसल्यामुळे इलाज नाही.

पत्र मीच लिहितेय, ह्यांचे हात ग्रीसमध्ये आहेत. फोन करू नका. तो बंदरमास्तरांच्या टेबलावर आहे, आणि तिथे एकाने बोलायचं नि चौघांनी ऐकायचं अशी पद्धत आहे.

तुमची वहिनी

१९ फेब्रुवारी

वहिनी,

बेताच्या विश्वासाबद्दल आभारी आहे. बोक्याला म्हणावं, काकाने कान धरायला हात लांब केलाय.

तुम्ही नको म्हणालात तरी मी बंदरावर फोन लावलाच. दादाला बोलावून आणलं त्यांनी. मी विचारलं, सिलिंडरचं माप काय ठेवलंस? तो म्हणाला, हो हो, सगळे मजेत. आणि ठेवून दिला. इतका कामात असतो का तो? की माझ्यावर रागावलाय? लहानपणी रागावला की असंच तोंडात गुळणी धरून बसायचा.

पुढचं पान त्याच्यासाठी आहे. तुम्हाला कंटाळा येईल, तुम्ही नाही वाचलं तरी चालेल.

दादा, दोन धातू आहेत. एकात सिलिकॉन जास्त. तो तापल्यावर फार फुगत नाही, म्हणून घट्ट बसवता येतो, आवाज करत नाही. पण मार बसला तर तडकतो. दुसऱ्यात सिलिकॉन जवळजवळ नाही. तो चिवट आहे, तासन्‌तास पूर्ण जोरावर चालला तरी फुटत नाही. मात्र तापला की फुगतो, आणि बोटीत तर बाहेरून समुद्राचं गार पाणी सिलिंडरला फुगू देत नाही. म्हणून पिस्टन आणि सिलिंडर ह्यांच्यामधली फट मोटारीपेक्षा केसभर जास्तच ठेवायची. कमी पडली तर पिस्टन आतच जाम होईल आणि इंजिन जागच्या जागी थांबेल. जास्त फट ठेवल्यामुळे सुरू केल्यावर थोडा वेळ खडखडेल. तापलं की गप्प होईल. तापल्यावरही खडखडत राहिलं तर समज, आमच्याकडून धातूची अदलाबदल झाली.

दांड्यासाठी मी दुसराच घेईन. माझा पुतण्या त्यावर बसणार आहे म्हणून नाही, कुणीही बसला असता तरी हेच सांगितलं असतं. रॉडसुद्धा ठोकून घडवलेलेच. कापून पाहिले, लाकडाच्या रेषा जाव्यात तशा पोलादाच्या रेषा वळणाबरोबर वळल्यात. हे तुला सांगायची गरज नाही हे मला माहीत आहे, पण तूच शिकवलेलं तुला म्हणून दाखवायची सवय जात नाही.

वहिनी, त्याला म्हणावं, दोन ओळी स्वतःच्या हाताने लिही.

तुमचा भावजी

२ एप्रिल

भावजी,

पेटी आली. ह्यांनी प्रत्येक पिस्टन कापडाने पुसून खिडकीशी नेला आणि असा फिरवून पाहिला की मी म्हटलं, सून पसंत करताय का. इंजिन आता बसलं आहे. बोट निघाली की सबंध धक्का बघत उभा राहतो. पूर्वी दांडा ओलांडायला जेवढा वेळ लागायचा त्याच्या निम्म्याहून कमी वेळात बोका पलीकडे असतो. मी तेवढा वेळ डोळे मिटून घेते आणि घरी परत फिरते.

आता जे लिहितेय ते तुमच्याजवळच ठेवा. तुमचा दादा रागावलेला नाही. त्याला ऐकू येत नाही. दोन वर्षांत कमी कमी होत गेलं, आणि आता कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच कळतं. डॉक्टर म्हणाले, आयुष्यभर इंजिनाशेजारी काढलंय, आता ह्याला औषध नाही. बंदरावर अजून कुणाला नक्की माहीत नाही. इंजिन बांधणारा बहिरा आहे हे कळलं तर बंदरमास्तर दुसऱ्या दिवशी बंदराच्या कारखान्याच्या किल्ल्या मागतील. म्हणून कुणी ह्यांच्याकडे कारखान्यात आलं की मी मध्ये उभी राहते आणि जे बोललं जाईल ते माझ्या बोलण्यात पुन्हा आणते, म्हणजे ते माझ्या ओठांवरून ओळखतात. लोक म्हणतात, ह्यांची बायको भारी बडबडी. म्हणू देत.

इंजिनसुद्धा ते आता हाताने ऐकतात. तळवा टेकवून उभे राहतात. पण सगळं तळव्याला कळत नाही, मग मला विचारतात, आवाज कसा आहे. मला इंजिनातलं काय कळतं? तरी सांगते. कुठेतरी त्यांचे कान व्हायला हवंच ना कुणीतरी.

लोकांना नव्या इंजिनात खोड काढायची आहेच. सकाळी सुरू करताना खडखडतं म्हणून हसतात. ते असो. तुम्ही दोन ओळी मागितल्या होत्या, त्या ह्यांनी स्वतः लिहून पाठवल्यात म्हणे, कार्डावर. मला दाखवल्या नाहीत.

तुमची वहिनी

२० एप्रिल

वहिनी,

तुमचं पत्र वाचून मी कारखान्यात गेलोच नाही त्या दिवशी. मी फोनवर त्याच्यावर चिडलो होतो. मनात म्हटलंही होतं की दादाला आता आपली किंमत उरली नाही. ज्या माणसाने मला रस्त्यावरच्या गाडीचा आवाज ऐकून कुठला सिलिंडर बंद आहे ते ओळखायला शिकवलं, तो आता तळवा टेकवून उभा राहतो. मला रडू आलं, आणि ते लपवायला इथे कुणी नाही म्हणून लपवलं नाही.

त्याचं कार्ड पोचलं. दोन ओळी म्हणजे खरंच दोनच ओळी. तेच पिस्टन, त्याच धातूचे, पण मापाने मोठे पाठव, असं लिहून खाली आकडा. ख्यालीखुशाली नाही, कारण नाही. मी काय ते समजलो. सिलिंडरवर ओरखडा पडला असणार, म्हणून त्याने तो घासून रुंद केला असणार, आणि आता मोठा पिस्टन हवा. त्याने आकडा लिहिला की मी तो आकडा बनवायचा, असंच आमचं पहिल्यापासून आहे. लहानपणी मी एकदा कारण विचारलं होतं तर पाना फेकून मारला होता, लागला नाही.

पिस्टन स्वतः उभं राहून लेथवर कातून घेतलेत. ह्याच पत्राबरोबर निघतील. त्याच्या कानांबद्दल मला माहीत आहे हे त्याला सांगू नका.

तुमचा भावजी

१८ मे

भावजी,

नवे पिस्टन बसले आणि माझा जीव भांड्यात पडला. इतकं गप्प इंजिन मी ह्या घरात आल्यापासून ऐकलेलं नाही. बंदरमास्तर स्वतः धक्क्यावर आले, कान लावून उभे राहिले, आणि म्हणाले, म्हाताऱ्याचा हात अजून आहे. मी ते ह्यांना तिथेच ओठांनी पुन्हा सांगितलं. घरी येईपर्यंत ते रस्ताभर मान वर करून चालत होते.

नुसतं खाडीत फिरवून आणलंय अजून. बोका म्हणतो, सुरू व्हायला जरा जड जातं, पण नवं आहे, सैलावेल. तो आणि बोटीवरचे दोघे सोबती पुढच्या आठवड्यापासून पुन्हा पाळीवर. तुम्ही ह्या बाजूला कुठे निघालात तर या. ह्यांना तुमची आठवण येते. म्हणत नाहीत, पण तुमचं ते धातूचं पान त्यांनी हत्यारांच्या पेटीत जपून ठेवलंय.

तुमची वहिनी

७ जुलै

वहिनी,

तिथून परत येऊन बरेच दिवस झाले आणि मी रोज हे पत्र सुरू करून टाकून देतोय. तुमच्या घरात असताना मला काही बोलता आलं नाही. तुम्ही स्वयंपाकघरात, दादा कारखान्यात, आणि मी मधल्या खोलीत बोक्याच्या कॉटसमोर. त्याचे बूट दाराशी तसेच होते. मी ते हलवावेत की नाही हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

त्या सकाळी काय झालं ते मी बोटीवरच्या दोघांकडून पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. मच्छीमारांची नाव बाहेर पाण्यात बसत चालली होती, थांबायला वेळ नव्हता. बोक्याने इंजिन सुरू केलं आणि गार असतानाच पूर्ण जोर दिला. दांड्यावर पोचेपर्यंत ठीक होतं. मग काही न वाजता, काही न फुटता इंजिन एकदम थांबलं. बोट आडवी झाली आणि लाटेने उलटली. ते दोघे वर आले. तो बोटीखाली राहिला.

निघताना दादाने एक पिस्टन कापडात गुंडाळून स्वतःच्या हाताने माझ्या पिशवीत घातला. म्हणाला, हा घेऊन जा, इथे नको. मी समजलो, तपासायला देतोय. वहिनी, मी तो कापून, घासून, भिंगाखाली पाहिला. धातू बरोबर आहे. जास्त सिलिकॉनच्या धातूत करडे दाणे दिसतात, ह्यात ते नाहीत. पहिल्या खेपेच्या पिस्टनांचे तुकडे आमच्याकडे नमुना म्हणून ठेवलेले असतात, तेही काढून पाहिले. तेही बरोबर. पण हा पिस्टन सगळ्या बाजूंनी खरवडला गेलाय. म्हणजे फटच नव्हती. सिलिंडर घासून रुंद केलेला नव्हता. तसाच होता, आणि त्यात मोठा पिस्टन बसवला.

दादासारखा माणूस असं का करेल, हे मला कळत नाही. मी वेडा व्हायची वेळ आलीय. कार्ड आलं तेव्हा मी एक ओळ लिहून विचारलं असतं, की सिलिंडर घासलास का, तर आज बोका जिवंत असता. मी त्याचा काका, मी माप वाचलं आणि विचारलं नाही. तुम्हाला काही माहीत असेल तर मला सांगा. तपासणीचा कागद दादालाही वेगळ्या पाकिटातून आजच पाठवतोय. त्याला निदान धातूची तरी शंका राहू नये.

भावजी

२४ जुलै

भावजी,

तुमची दोन्ही पाकिटं एकाच दिवशी आली. पोस्टमनने दोन्ही माझ्याच हातात दिली. मी माझं वाचलं आणि मग ह्यांच्या नावाचं हातात धरून चुलीजवळ उभी राहिले. जाळलं असतं तर कुणाला कळलं नसतं. तुम्हालाही मी काहीतरी लिहून कळवलं असतं.

पिस्टन त्यांनी तुम्हाला तपासायला दिला नव्हता. तो लपवायला दिला होता. चौकशीवाल्यांच्या हाती लागला तर तुमच्या कारखान्याने धातू चुकवला हे उघड होईल आणि तुमची नोकरी जाईल, असं त्यांना वाटत होतं. चौकशीत ते उभे राहून म्हणाले, माप माझं, चूक माझी. तुम्हाला वाचवायला म्हणाले. धातू चुकला असं त्यांना का वाटलं, ते आता सांगते.

मार्चअखेरची सकाळ होती. बोका इंजिन सुरू करत होता, ते खडखडत होतं, आणि बंदरमास्तर सगळ्यांसमोर म्हणाले की म्हातारा बहिरा झाला वाटतं, एवढं वाजतंय नि ह्याला पत्ता नाही. लोक हसले. हे शेजारीच उभे होते आणि लोक हसताहेत म्हणून तेही हसले. मला ते सहन झालं नाही. घरी येऊन मी त्यांना सांगितलं की इंजिन खडखडतंय. त्यांनी विचारलं, फक्त गार असताना, की तापल्यावरही?

मला माहीत नव्हतं. मी तर बोट निघाली की डोळे मिटून घरी येत होते. माहीत नाही म्हटलं असतं तर ते धक्क्यावर जाऊन चारचौघांना विचारत बसले असते, आणि मग सगळ्यांना सगळं कळलं असतं. मी म्हटलं, सतत.

त्यांनी हत्यारांच्या पेटीतून तुमचं ते धातूचं पान काढून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, धाकट्याच्या हातून धातूची अदलाबदल झाली. हा धातू फुगत नाही, म्हणून फट भरत नाही. पुन्हा मागवले तरी त्याच धातूचे येतील, तेव्हा मोठे पिस्टन घालून फटच कमी करायला हवी. त्याला कारण कळवायचं नाही, बिचारा झुरत बसेल. आणि कार्ड लिहिलं. तुमचं ते पान मीही वाचलं होतं, भावजी. तुम्ही नका वाचू म्हणालात म्हणून मुद्दाम वाचलं होतं. पण धातूचं म्हणून डोळ्यांखालून घातलं नि विसरले.

अजून संपलं नाही. कार्ड गेल्यावर काही दिवसांनी बोका जेवता जेवता म्हणाला, आई, ते खडखडणं नुसतं सुरुवातीचं. तापलं की एकदम गप्प. बाबांना सांग, फर्स्ट क्लास बांधलंय इंजिन. त्याच्या तोंडात घास होता, बाबांच्या कानाशी ओरडायचा कंटाळा आला असेल. मी बरं म्हटलं. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी खोटं बोलले होते हे कबूल करावं लागलं असतं. आणि मला वाटलं, मोठे पिस्टन येताहेत, आवाज कमीच होईल, त्यात वाईट काय होणार आहे.

तुमचं पाकीट मी त्यांना दिलं. त्यांनी कागद उभ्याने वाचला, मग बसून वाचला. मग बहिरे बोलतात तसं मोठ्याने विचारलं, धातू बरोबर होता तर सतत का वाजत होतं? दारं उघडी होती, सबंध गल्लीला ऐकू गेलं असेल. त्या आवाजाला मला त्या आवाजात उत्तर देता येईना. मी तुमच्याच पाकिटाच्या पाठीवर सगळं लिहिलं. बोका काय म्हणाला तेही, शब्दाला शब्द.

त्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. हो, भावजी. म्हणाले, म्हणजे मी बांधलेलं बरोबर होतं. कान नसताना बांधलेलं बरोबर होतं. त्यांना आनंद झाला, आणि तो मला बघवला नाही, कारण पुढच्याच क्षणी त्यांना बाकीचं कळणार होतं आणि ते कळलं.

मग त्यांनी एवढंच विचारलं, फर्स्ट क्लास म्हणाला? मी कानाशी जाऊन सांगितलं, हो. हसून म्हणाला? हसून म्हणाला.

तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. तुम्ही एक ओळ विचारली नाहीत, पण मला तर सांगायला सांगितलं होतं. इकडे यायचं असेल तर या, नाही आलात तरी मी समजेन.

मी का सांगितलं नाही, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही. कधीतरी विचारतील. दिवसभर खुर्चीत बसून असतात. त्यांनी मान वर केली की मी हातातलं काम ठेवते आणि समोर जाऊन उभी राहते, म्हणजे माझे ओठ त्यांना नीट दिसतील. काल दुपारी त्यांनी मान वर केली. मी गेले. त्यांनी विचारलं, दाराशी कुणी आलंय का?

मी म्हटलं, नाही.

वहिनी